स्वस्त व्हिस्की आणि इतर दारू : पारख कशी करावी आणि दुसऱ्या दिवशी काय करावे

कोल्हापुरात दारूविषयी दोन समज फार पक्के रुजलेले आहेत. स्वस्त व्हिस्कीने सकाळी डोके धरते आणि महागडीने धरत नाही, हा पहिला. विषारी दारू जाणत्या माणसाला वासावरून किंवा चवीवरून ओळखता येते, हा दुसरा. पहिला समज अर्धाच खरा आहे; दुसरा मात्र साफ खोटा असून त्याने आजवर अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले आहेत. दारू स्वस्त असणे आणि ती बनावट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परवानाधारक दुकानातील सर्वांत स्वस्त क्वार्टर ही कोणा ओळखीच्याने गाडीच्या डिकीतून काढून दिलेल्या उंची ब्रँडच्या बाटलीपेक्षा कितीतरी कमी धोक्याची असते. पुढील सर्व सूचना या एकाच भेदावर आधारलेल्या आहेत.

महाराष्ट्रात देशी आणि विदेशी मद्यासाठी वयाची २५ वर्षे, तर बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि पिणाऱ्याकडे परवाना असणेही कायद्याने आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही. त्यामुळे येथे ‘सुरक्षित’ हा शब्द आला, तर त्याचा अर्थ ‘त्यातल्या त्यात कमी घातक’ एवढाच घ्यावा.

बाटलीत काय असते

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला मळी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. साखर काढून घेतल्यावर उरलेली ही मळी आंबवून, तिचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, वास आणि चव जवळजवळ नाहीशी केलेले सुमारे ९६ टक्के तीव्रतेचे जे स्पिरिट मिळते, त्याला एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. धंद्यातील लोक त्याला ईएनए म्हणतात. ते धान्यापासूनही बनते. भारतातील बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया हाच असतो, आणि त्यात पाणी, थोडे माल्टचे म्हणजे मोड आणलेल्या जवाचे स्पिरिट, स्वादद्रव्य व कॅरॅमलचा रंग मिसळून बाटली भरली जाते. युरोपीय संघात व्हिस्की केवळ धान्याचीच असावी लागते आणि ती लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवावी लागते. त्यामुळे मळीपासून बनलेले पेय तेथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. आपल्याकडील स्वस्त बाटलीचा गडद सोनेरी रंग हा मुरल्याची खूण नसून बहुधा रंगाचीच करामत असते, एवढे ग्राहकाने समजून असावे.

आता जरा अनपेक्षित वाटेल अशी गोष्ट. आंबवताना आणि पिंपात मुरताना दारूत अल्कोहोलखेरीज इतर अनेक द्रव्ये तयार होतात, ज्यांना कॉन्जेनर म्हणतात, आणि ती जास्त असली की दुसऱ्या दिवशीचा त्रास वाढतो असे प्रयोगांत आढळले आहे. पिंपात मुरलेल्या अमेरिकी बर्बन व्हिस्कीत ती व्होडकाच्या सुमारे ३७ पट असतात. ईएनएमध्ये मात्र ऊर्ध्वपातनानेच ती बरीचशी काढून टाकलेली असतात. म्हणजे केवळ या हिशेबाने पाहिले, तर रीतसर बनलेल्या स्वस्त व्हिस्कीने मुरलेल्या महागड्या व्हिस्कीपेक्षा कमी डोके दुखायला हवे. तसे होत नाही, कारण स्वस्त दारू ज्या पद्धतीने प्यायली जाते ती पद्धतच वेगळी असते: दुकानाबाहेर उभ्या उभ्या, रिकाम्या पोटी, पाण्याशिवाय किंवा नाममात्र पाण्यात, दहा-पंधरा मिनिटांत संपूर्ण क्वार्टर. सकाळच्या डोकेदुखीचा मोठा वाटा बाटलीच्या दर्जाचा नसून या घाईचा आणि प्रमाणाचा असतो, असे माझे मत आहे; आणि खालचा हिशेब पाहिल्यावर ते फारसे कोणी नाकारील असे वाटत नाही.

व्हिस्की, रम, ब्रँडी किंवा व्होडका यांची नेहमीची तीव्रता ४२.८ टक्के असते. लेबलवर ती पुष्कळदा ‘२५ यू.पी.’ (अंडर प्रूफ, म्हणजे ‘प्रूफ’ या जुन्या प्रमाण तीव्रतेपेक्षा २५ टक्के कमी) अशीही छापलेली दिसते. या हिशेबाने ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांनी हेही पाहावे की ८ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलीच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या पेगइतके अल्कोहोल असते. यकृत एका तासात साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकालात काढू शकते आणि लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा रंकाळा तलावाभोवतीचा फेरफटका यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

विकत घेताना

जून २०२५ मध्ये राज्य शासनाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि १८० मिलीच्या बाटलीसाठी किमान किरकोळ किमती ठरवल्या: देशी मद्य ८० रुपये, धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारासाठी १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य (येथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६० रुपये. या आकड्यांचा ग्राहकाला एक व्यावहारिक उपयोग आहे. ज्या वर्गातील बाटली त्या वर्गाच्या किमान किमतीहून बरीच खाली कोणी देत असेल, तर ती बाटली शुल्क चुकवून आलेली आहे किंवा तिच्यात लेबलवर लिहिलेले द्रव्य नाही. तिसरी शक्यता सहसा नसते. दर वाढले की अशा मालाला गिऱ्हाईक वाढते, त्यामुळे सावधगिरीही वाढवावी लागते.

कोल्हापूरच्या बाबतीत गोव्याचा विषय टाळता येत नाही. गोव्यात कर कमी असल्याने तेथील दारू स्वस्त असते, आणि आंबोली, तिलारी किंवा गगनबावड्याच्या बाजूने ती चोरून आणली जाते. तेथील परवानाधारक दुकानातून घेतलेली बाटली वाईट असते असे नाही. स्वस्ताई कराची असते, दर्जाची नसते. ती येथे आणून विकणे हा गुन्हा आहे हा एक भाग झाला. दुसरा भाग ग्राहकाच्या जिवाशी संबंधित आहे: ‘गोव्याचा माल आहे’ हे एकच वाक्य कोणत्याही बनावट बाटलीची किंमत का कमी आहे याचे तयार उत्तर म्हणून वापरता येते, आणि ऐकणाऱ्याला ते पटते. लेबलवर केवळ गोव्यात विक्रीसाठी असा मजकूर असलेली बाटली येथे कोणी पुढे केल्यास ती घेऊ नये.

बाटली हातात घेतल्यावर प्रथम झाकण पाहावे. झाकणाखालचे कडे अखंड असले पाहिजे आणि झाकण फिरवताना ते कडकन तुटले पाहिजे. संपूर्ण झाकण सैलपणे गरगर फिरत असेल, कडे आधीच तुटलेले असेल किंवा डिंकासारखे काही लावलेले दिसत असेल, तर बाटली परत करावी. त्यानंतर ती उजेडासमोर उलटी धरून तळाशी गाळ, तरंगणारे कण किंवा धाग्यासारखे काही आहे का हे पाहावे, आणि शेजारच्या त्याच ब्रँडच्या बाटलीशी पातळी ताडून पाहावी. लेबलवर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, अल्कोहोलची टक्केवारी, कमाल किरकोळ किंमत आणि वैधानिक इशारा हे सर्व स्वच्छ वाचता आले पाहिजे. बॅच क्रमांक बोटाने पुसला जात असेल किंवा लेबल तिरके, सुरकुतलेले आणि दुसऱ्या लेबलवर चिकटवलेले असेल, तर विक्रेत्याशी वाद न घालता दुसरे दुकान गाठावे.

परमिट रूममध्ये बसणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. मोठ्या बाटलीतून मोजून दिलेला सुटा पेग कोणत्या बाटलीतून आला हे टेबलावर बसलेल्या माणसाला कळत नाही, आणि उंची ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत हलकी दारू भरून ती पेगने विकणे हा या धंद्यातील जुना डाव आहे. त्यामुळे ९० किंवा १८० मिलीची सीलबंद बाटली मागवावी आणि ती आपल्यासमोर उघडायला सांगावी. असे सांगण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. घरी रिकाम्या झालेल्या बाटल्या भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी त्यांचे लेबल फाडावे आणि झाकण चेपून वेगळे टाकावे, कारण बनावट माल भरणाऱ्याला सर्वांत जास्त गरज चांगल्या अवस्थेतील बाटली, लेबल आणि झाकण यांचीच असते. ड्राय डेच्या दिवशी मागच्या दाराने मिळणारी बाटली वर्ज्यच समजावी.

हातभट्टीच्या दारूबाबत पारख कशी करावी हे मी लिहीत नाही, कारण तशी पारख अस्तित्वातच नाही. तिची तीव्रता प्रत्येक वेळी वेगळी असते, ती कशात उकळली व कशात साठवली याचा पत्ता नसतो आणि ती ‘कडक’ व्हावी म्हणून त्यात काय ओतले हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

घरगुती चाचण्या आणि मिथेनॉल

दारू पेटवून निळी ज्योत आली तर ती चांगली, बाटली हलवल्यावर बुडबुडे जास्त वेळ टिकले तर ती अस्सल, तळहातावर चोळून तेलकट लागली नाही तर ती शुद्ध, अशा अनेक चाचण्या सांगितल्या जातात. बुडबुड्यांवरून फार तर तीव्रतेचा अंधूक अंदाज येतो. विषाबाबत मात्र या सर्व चाचण्या निरुपयोगी आहेत, कारण मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल दिसायला, वासाला आणि चवीला आपल्या नेहमीच्या अल्कोहोलसारखेच, म्हणजे इथेनॉलसारखेच, असते, तेही जळते, आणि दोन्हींच्या मिश्रणाची ज्योत पाहून काही सांगता येत नाही. ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

मळी आंबवताना मिथेनॉल अत्यल्प बनते. मोठ्या दुर्घटना घडतात त्या कारखान्यात वापरले जाणारे मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून अवैध दारूत मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे साठहून अधिक. पोटात गेल्यावर यकृत मिथेनॉलचे रूपांतर प्रथम फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात करते. हे आम्ल दृष्टीची नस जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. दहा मिली शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते आणि तीस मिलीच्या आसपास मृत्यू येऊ शकतो.

यातील सर्वांत फसवी बाब वेळेची आहे. रूपांतर सावकाश होत असल्याने पिणारा माणूस रात्री नेहमीसारखाच झोपी जातो, सकाळी त्याला साधा हँगओव्हर वाटतो, आणि खरी लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात; सोबत नेहमीची दारूही प्यायलेली असेल तर आणखी उशिरा. साधा हँगओव्हर दुपारनंतर ओसरू लागतो. उलट, वेळ जाईल तसा त्रास वाढत असेल, डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरा झगझगाट दिसत असेल, पोटात तीव्र कळा येत असतील, श्वास जोरजोरात व भरभर चालला असेल, तर हा मिथेनॉलचा प्रकार समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे सीपीआर रुग्णालयासारख्या, रक्तशुद्धीकरणाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. उरलेली दारू बाटलीसह बरोबर न्यावी. त्याच बैठकीत प्यायलेल्या इतरांना, त्यांना काहीही होत नसले तरी, बोलावून घ्यावे. रुग्णालयात फोमेपिझोल हे औषध किंवा मोजून दिलेले इथेनॉल, सोडा बायकार्बोनेट आणि डायलिसिस असे उपचार होतात व वेळेत पोहोचलेल्याची दृष्टी वाचू शकते. दारूवर दारू हाच उतारा असे ऐकून कोणी घरीच आणखी पाजू लागेल, तर त्याला थांबवावे. मात्रा, रक्ततपासणी आणि देखरेख यांशिवाय तो उपचार ठरत नाही.

बैठकीच्या रात्री

आपल्याकडे गटारी असो की ३१ डिसेंबर, क्रम ठरलेला असतो: आधी पिणे, मध्ये खारे शेंगदाणे आणि फरसाण, आणि रात्री उशिरा तांबडा-पांढरा. हा क्रम उलटा करावा. भाकरी आणि मटण पोटात असताना घेतलेली दारू आतड्यात सावकाश उतरते, त्यामुळे रक्तातील प्रमाण एकदम चढत नाही. तेच जेवण अकरा वाजता, चार पेगनंतर घेतले तर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. खारट चखण्याने तहान वाढते आणि ती तहान पुढच्या पेगने भागवली जाते. प्रत्येक पेगमागे एक पेला साधे पाणी प्यावे, पेग मापानेच ओतावा, आणि एका तासात एका लहान म्हणजे ३० मिलीच्या पेगपलीकडे जाऊ नये. सोड्याने दारू काहींना लवकर चढते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळल्यास चढलेली कळत नाही, हे त्याहून वाईट.

औषधे घेणाऱ्यांनी विशेष जपावे. जुलाबासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोल या गोळीबरोबर दारू घेतल्यास उलट्या, धडधड आणि चेहरा लालबुंद होणे असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर रात्री धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, आणि घरचे लोक त्या बेशुद्धीला नशा समजतात.

फार प्यालेल्या आणि हाक मारूनही न उठणाऱ्या माणसाला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून उताणे टाकून जाऊ नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंड किंचित खाली करावे आणि जवळ कोणीतरी बसावे, कारण उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरणे हे अशा मृत्यूंचे नेहमीचे कारण आहे. मुद्दाम ओकायला लावू नये. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर पडत असतील, तर १०८.

सकाळी

हँगओव्हरची कारणे अनेक आहेत. लघवी रोखून धरणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दारूमुळे दबते आणि शरीरातील पाणी निघून जाते. जठराचे अस्तर चुरचुरते. झोप लागते पण ती तुटक असते. आणि अल्कोहोलपासून बनणारे अॅसिटाल्डिहाइड हे द्रव्य स्वतःच त्रासदायक असते. त्यामुळे एका गोळीने सर्व काही दुरुस्त होईल ही अपेक्षा चुकीची आहे. घोट घोट पाणी, ओआरएस, मीठ घातलेले पातळ ताक किंवा नाचणीची आंबील, आणि पोट मानेल तेव्हा मऊ भात एवढे पुरते. कोल्हापुरात सकाळी झणझणीत कटाची मिसळ हा हमखास उतारा मानला जातो. मिसळीविषयी पूर्ण आदर राखून सांगावे लागते की आधीच सोललेल्या जठरावर तो कट ओतणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. ती संध्याकाळी खावी.

डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेण्याची घाई करू नये, विशेषतः नियमित पिणाऱ्याने, कारण दोन्हींचा भार यकृतावरच पडतो. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांनी चुरचुरलेल्या जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. काळी शौचास किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली, तर तो हँगओव्हर नाही. त्या दिवशीच डॉक्टरांकडे जावे.

गाडीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने रात्री अकराच्या सुमारास एक क्वार्टर संपवली, तर ढोबळ हिशेबाने पहाटे पाच-सहापर्यंत तो या मर्यादेच्या वर असू शकतो. दोन क्वार्टर घेतल्यास दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. पहाटे शिरोलीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघणाऱ्याने किंवा महामार्गावर ट्रक काढणाऱ्याने आपल्याला बरे वाटते यावर विसंबू नये.

सकाळी थोडी पुन्हा घेतली की बरे वाटते, हा अनुभव खरा आहे. मात्र त्याने त्रास पुढे ढकलला जातो इतकेच. आणि तो उतारा रोज लागू लागला, तर तो हँगओव्हरचा उपाय राहिलेला नसून शरीर दारूवर अवलंबून झाल्याची खूण असते. अशा माणसाने घरच्यांच्या शपथेवर एका दिवसात सगळे बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, भीती व प्रचंड गोंधळ सुरू झाल्यास ती जीवघेणी अवस्था असते. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही दारू सोडवता येते. सुरुवात म्हणून सीपीआर रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांची चौकशी करावी किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा; पुण्यात १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे. डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगावे, शेवटचा पेला किती वाजता घेतला तेही सांगावे, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते.